अभ्यासलेख : सौर विजेचा पूर्ण हिशेब



दीड वर्षापूर्वी उपकारस्तुतीच्या रविवारी मी आपल्यापुढे उभा राहिलो आणि सातपुड्यातल्या आपल्या मुलींच्या वसतिगृहावर सौर पॅनेल बसवण्यासाठी वर्गणी मागितली. त्या दिवशी मी दोन गोष्टी बोललो होतो. पहिली, घातलेले पैसे साडेपाच वर्षांत वसूल होतील. दुसरी, यापुढे वसतिगृहात अंधार होणार नाही. आपण विश्वासाने दिले. महिला मंडळाने पापड-लोणची विकून जमवलेली रक्कम आणून दिली. फेब्रुवारीत पॅनेल बसले आणि आजवर ते उत्तम चालले आहेत.

पण माझ्या दोन गोष्टींपैकी पहिली अर्धीच खरी होती आणि दुसरी खरी नव्हती. खजिनदार म्हणून त्याचा हिशेब देणे माझे काम आहे. शिवाय आपल्यापैकी अनेक जण आपल्या घरावर किंवा दुकानावर सोलर बसवण्याचा विचार करत आहेत. माझी चूक त्यांच्या उपयोगी पडावी, म्हणून बारा महिन्यांची बिले पुढे घेऊन हा पाठ लिहीत आहे.

१. जुलैतल्या तीन रात्री

गेल्या जुलैत वादळी पावसात विजेचा खांब पडला आणि वसतिगृहाची वीज तीन रात्री गेली. दहावीच्या पुरवणी परीक्षेला बसलेल्या चार मुली तिथे होत्या. अधीक्षिकाताईंचा फोन आला. "काका, छपरावर एवढे सोलर बसवलेत आणि पोरी मोबाइलच्या उजेडात वाचताहेत. बंद पडले का हो?"

मी बसवणाऱ्या माणसाला विचारले. तो म्हणाला, "साहेब, काही बिघडले नाही. ते असेच असते. लाइन गेली की तेही थांबते."

दरपत्रकात 'ऑन-ग्रिड' हा शब्द स्पष्ट लिहिलेला होता. मी त्यावर सही केली होती. अर्थ मात्र विचारला नव्हता.

२. तीन प्रकार, तीन कामे

ऑन-ग्रिड : पॅनेलची वीज इन्व्हर्टरमधून घरात येते. उरली तर बाहेरच्या तारेत जाते आणि नेट मीटरवर आपल्या नावे जमा होते. रात्री आपण तारेतली वीज घेतो. महिनाअखेर दोन्हींची वजाबाकी होते. बॅटरी नसल्याने हा प्रकार सर्वांत स्वस्त आहे आणि बिल यानेच सर्वांत जास्त उतरते. पण बाहेरची वीज गेली की भर दुपारीसुद्धा तो बंद होतो, आणि हे मुद्दाम केलेले असते. खांबावर चढून दुरुस्ती करणाऱ्या माणसाला आपल्या छपरावरून तारेत गेलेल्या विजेचा धक्का बसू नये, हे त्यामागचे कारण.

ऑफ-ग्रिड : पॅनेल, बॅटरी आणि इन्व्हर्टर, बाहेरच्या तारेशी संबंध नाही. जिथे तार पोचलीच नाही अशा पाड्यांसाठी हा योग्य. पण बॅटरीचा खर्च मोठा असतो, आणि बॅटरी भरल्यावर जास्तीची वीज वाया जाते.

हायब्रिड : दोन्हींचा मेळ. दिवसा बिल वाचते आणि वीज गेल्यावर बॅटरीवर गरजेपुरते दिवे-पंखे चालतात.

म्हणून पहिला प्रश्न 'किती किलोवॅट?' असा विचारू नका. 'मला बिल कमी करायचे आहे, की अंधार टाळायचा आहे?' असा विचारा. मी बिलाचे औषध घेतले आणि ते अंधारावरही चालेल असे आपल्याला सांगितले.

३. वसतिगृहाचा हिशेब

वसतिगृहाला महिन्याला सरासरी ४६० युनिट लागतात. बिल सुमारे ४,६०० रुपये येत असे. आपण ४ किलोवॅटचे पॅनेल बसवले. त्यासाठी सावली नसलेली सुमारे ४०० चौरस फूट जागा लागली. आपल्याकडे १ किलोवॅट पॅनेल दिवसाला सरासरी ४ युनिट देते. पावसाळ्यात ते बरेच कमी होते, मार्च ते मेमध्ये वाढते. त्या हिशेबाने आपल्याला वर्षाला साधारण ५,८०० युनिट मिळतात, म्हणजे जवळपास गरजेइतकेच.

जास्त बसवून वीज विकायची कल्पना मी तेव्हाच सोडली होती, आणि ते बरे झाले. आर्थिक वर्षाच्या शेवटी शिल्लक राहिलेल्या युनिटांना मिळणारा दर आपण भरतो त्या दरापेक्षा फार कमी असतो. उलट मे महिन्यात मुली सुट्टीवर असताना जमा झालेले युनिट त्याच आर्थिक वर्षातल्या पावसाळ्यात कामी येतात.

आता बिल सरासरी ६०० रुपये येते. त्यात बहुतेक स्थिर आकारच असतो, तो सोलर बसवूनही भरावा लागतो. म्हणजे महिन्याला ४,००० आणि वर्षाला ४८,००० रुपये वाचतात. खर्च २,६०,००० रुपये झाला होता. भागाकार केला की साडेपाच वर्षे. मी आपल्याला सांगितलेला आकडा तो हाच.

यात दोन गोष्टी मी धरल्या नव्हत्या. एक म्हणजे अंधाराचा उपाय. आता आम्ही तो मोजून ठरवला आहे. ९ वॅटचे १२ एलईडी दिवे म्हणजे १०८ वॅट. कमी वीज खाणारे ३० वॅटचे ८ पंखे म्हणजे २४० वॅट. दोन्ही मिळून सहा तास चालवायला २ युनिटांहून थोडी जास्त वीज लागते. जुने ७५ वॅटचे पंखे ठेवले असते तर नुसत्या पंख्यांनाच ३.६ युनिट लागले असते. म्हणून आधी पंखे बदलायचे आणि मग ३ युनिटांची लिथियम बॅटरी घ्यायची. पंख्यांचे २०,००० आणि बॅटरी व तिच्या इन्व्हर्टरचे ७५,००० मिळून ९५,००० रुपये.

दुसरी गोष्ट म्हणजे झीज. पॅनेल २५ वर्षे काम देते, दरवर्षी त्याची वीज अगदी थोडी कमी होत जाते. इन्व्हर्टर आणि बॅटरी मात्र दहा वर्षांच्या आसपास बदलावी लागेल असे धरून चालावे. ५०,००० रुपयांच्या बॅटरीसाठी दरमहा ४२०, इन्व्हर्टरसाठी ३८० आणि सफाई, वायरिंग वगैरेसाठी ४००, असे १,२०० रुपये दरमहा बाजूला ठेवायला हवेत.

मग खरी बचत महिन्याला २,८०० आणि वर्षाला ३३,६०० रुपये. एकूण खर्च ३,५५,००० रुपये. भागाकार साडेदहा वर्षे. साडेपाच हा अर्धा हिशेब होता, साडेदहा हा पूर्ण. तरीही पॅनेलच्या आयुष्याची चौदा वर्षे हातात उरतात. काम फायद्याचेच आहे, पण मी सांगितले तितके झटपट नाही.

४. आपल्या घरासाठी

घरगुती ग्राहकांना एक मोठी सवलत आहे, जी वसतिगृहाला मिळाली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, असे जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान आहे. पॅनेल भारतात बनवलेले आणि बसवणारा नोंदणीकृत असावा लागतो. अनुदान काम पूर्ण होऊन नेट मीटर लागल्यावर बँकेत जमा होते. म्हणून सुरुवातीला पूर्ण रकमेची किंवा कर्जाची सोय करावी लागते.

समजा ३ किलोवॅटला १,९०,००० रुपये खर्च आला, तर अनुदान वजा जाता १,१२,००० रुपये आपले. महिन्याला ३०० युनिट वापरणाऱ्या घरात अडीच हजार रुपये वाचत असतील, तर चार वर्षांच्या आत पैसे वसूल होतात.

पण महिन्याला ६० युनिट जाळणाऱ्या घराचे गणित वेगळे आहे. विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो आणि पहिला टप्पा स्वस्त असतो. अशा घरात १ किलोवॅटचे अनुदान वजा जाता ४०,००० रुपये लागले आणि महिन्याला ३५० रुपये वाचले, तर साडेनऊ वर्षे लागतील. त्यांनी आधी दिवे-पंखे बदलावेत. बँकेचे कर्ज काढण्याची घाई करू नये.

५. दुकान आणि शेत

धंद्याच्या जोडणीला हे अनुदान नाही. पण तिथे विजेचा दर घरापेक्षा जास्त असतो आणि काम दिवसा चालते. पिठाची गिरणी, झेरॉक्सचे दुकान, शिलाईकेंद्र यांची वीज ऊन असतानाच खर्च होते. शिवाय आयकर भरणाऱ्या व्यावसायिकाला सौर यंत्रणेवर ४० टक्के दराने घसारा धरता येतो. त्यामुळे अनुदान नसूनही पैसे लवकर वसूल होऊ शकतात.

पाड्यावरच्या शेतकऱ्यासाठी राज्याची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना आहे. त्यात सर्वसाधारण शेतकऱ्याला पंपाच्या किमतीच्या १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला फक्त ५ टक्के रक्कम भरावी लागते. अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्तीचा, पाच एकरांपर्यंत ५ चा आणि त्यापुढे साडेसातचा पंप मिळतो. पाण्याचा खात्रीचा स्रोत मात्र हवा. दिवसा पाणी देता आले की रात्री बॅटरी घेऊन, विंचू-सापाच्या भीतीने बांधावर उभे राहणे टळते. हा फायदा कुठल्याही बिलावर छापलेला नसतो. आपल्या ओळखीच्या आदिवासी कुटुंबाचा अर्ज भरून देणे ही एक मोठी मदत आहे. त्याला पैसे लागत नाहीत, एक दुपार लागते.

६. खांबांचा धडा

आमच्या समितीत यावर वाद झाला. कारण वाचलेल्या पैशांतून आपण चाळीस मुलींना आठवड्याला तीन अंडी देऊ लागलो होतो. दरमहा १,२०० रुपये बाजूला ठेवायचे, तर तीनची दोन होतात. एक भगिनी म्हणाल्या, "पोरींच्या ताटातले अंडे काढून बॅटरीसाठी पैसे साठवायचे?" प्रश्न रास्त होता आणि मला पटकन उत्तर सुचले नाही.

मग एका जुन्या सभासदांनी आठवण दिली. काही वर्षांपूर्वी आपण दोन पाड्यांवर सौर दिव्यांचे खांब लावले होते. फोटो निघाले, नारळ फुटले. तीन वर्षांत बॅटऱ्या गेल्या. नव्या घ्यायला कुणी पैसे ठेवले नव्हते. आज त्या खांबांना बकऱ्या बांधतात. देणाऱ्यांचे पैसे गेलेच, शिवाय पाड्यावरची माणसे 'सोलर टिकत नाही' असे आजही म्हणतात.

बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा अंदाज करणाऱ्या माणसाचा दाखला आपण सगळ्यांनी ऐकला आहे. आम्ही बुरूज बांधला, पण तो उभा राखण्याचा खर्च विसरलो होतो. समितीने राखीव निधी मंजूर केला. अंडी सध्या दोन झाली आहेत, हेही मी आपल्याला लपवून ठेवत नाही.

७. सही करण्याआधी

दरपत्रकावर सही करण्याआधी एवढे करा. वर्षभराची बिले काढून सरासरी युनिट पाहा. सकाळी नऊ ते दुपारी चारपर्यंत छपरावर झाडाची किंवा टाकीची सावली पडते का ते स्वतः वर चढून बघा. पॅनेलचे तोंड दक्षिणेला असावे. अर्थिंग आणि वीज पडण्यापासूनचे संरक्षण दरपत्रकात आहे का ते तपासा. वीज गेल्यावर काय चालेल आणि काय नाही, हे बसवणाऱ्याकडून लिहून घ्या. नेट मीटरचे नियम बदलत असतात, ते वीज कार्यालयात जाऊन विचारा. पॅनेल धुणार कोण, हेही आधीच ठरवा. उन्हात तापलेल्या काचेवर थंड पाणी टाकू नये, सकाळी लवकर धुवावे.

गटात चर्चेसाठी

१. आपल्या चर्चच्या इमारतीला वीज मुख्यतः कधी लागते, दिवसा की संध्याकाळी? त्यावरून कोणता प्रकार योग्य ठरेल?
२. आपण एखादी वस्तू दान देतो, तेव्हा तिच्या दुरुस्तीचा विचार कोण करतो?
३. आपल्या माहितीतल्या कोणत्या शेतकऱ्याला पंपाचा अर्ज भरण्यासाठी मदत हवी आहे?

शेवटी, महिला मंडळाने मला विचारले होते, "मग आमचे पैसे वाया गेले का?" नाही. पॅनेल रोज वीज देत आहेत आणि बारा बिले कार्यालयात कुणालाही पाहता येतील. आता पंखे आणि बॅटरीसाठी ९५,००० रुपये उभे करायचे आहेत. या वेळी मी एवढेच सांगतो : वीज गेल्यावर बारा दिवे आणि आठ पंखे सहा तास चालतील. पाण्याची मोटर चालणार नाही. वीज तीन रात्री गेली आणि दिवसा ऊन पडलेच नाही, तर दुसऱ्या रात्रीच कदाचित कंदील लावावा लागेल. हे ऐकूनही ज्यांना द्यावेसे वाटेल, त्यांनी द्यावे.

आपला,
खजिनदार, वसतिगृह समिती