फाशांवर खापर फोडण्याआधी

'बॅटल फॉर वेसनॉथ' हा २००३ सालापासूनचा, फुकट मिळणारा, आळीपाळीने चाली करायचा युद्धखेळ. नवे लोक तो दोन दिवस खेळतात आणि "नशीबच वाईट" म्हणून सोडून देतात. त्यांच्यासाठी हे चार शब्द.

१. आधी जमीन बघा, शत्रू नंतर. वार लागणार की हुकणार, हे बहुतेक वेळा मार खाणारा कुठे उभा आहे यावर ठरतं. ड्वार्फ डोंगरावर असेल तर वार लागण्याची शक्यता ३० टक्के, सपाटीवर तीच ७०. भालाईत एका हल्ल्यात तीन वार करतो. तिन्ही फुकट जाण्याची शक्यता डोंगरावर ३४ टक्के, सपाटीवर जेमतेम तीन. भाला तोच, ड्वार्फही तोच. डोंगरावर तिन्ही वार हुकले की लोक बोंब मारतात, खेळ लबाड आहे म्हणून. अहो, तीन हल्ल्यांत एकदा ते व्हायचंच!

२. सूर्याकडे लक्ष ठेवा. लॉयलिस्ट या गटाचे भालाईत दिवसा २५ टक्के जोरात मारतात, रात्री तितकेच ढिले पडतात. ऑर्कांचं नेमकं उलटं. म्हणून ऑर्क समोर असतील तर अंधार पडायच्या आत मागे सरकायचं, पहाटे पुन्हा भिडायचं. हातातोंडाशी आलेलं गाव सोडून मागे फिरणं जिवावर येतं खरं.

३. घोडेस्वार भालाइतावर सोडू नका. धडकेत दोन्हीकडचा मार दुप्पट होतो आणि पहिला वार भालाइताचा.

४. जादूगाराचा वार कुठल्याही जमिनीवर ७० टक्के लागतो. डोंगरावरच्या ड्वार्फला तोच उतरवतो. पण अंगाने नाजूक, त्यामुळे समोर मोकळा सोडलात तर पुढच्या चालीत गेलाच समजा. समतोल म्हणतात तो हाच. दोन्ही बाजूंना सारख्या सोंगट्या देण्यात काय मजा?

५. एकाच फाशावर सगळं टांगणारे खेळ मला पटत नाहीत. १९९१ च्या 'सिव्हिलायझेशन'मध्ये भालेवाले कधीकधी युद्धनौका बुडवायचे! १९९६ च्या दुसऱ्या भागात युनिटला टप्प्याटप्प्याने झिजणारा जीव मिळाला आणि हा विनोद बराच आटोक्यात आला.

६. शेवटचा घाव कोणी घालायचा, हे हल्ल्याआधी ठरवा. लेव्हल एकच्या शत्रूशी नुसतं लढलं तर अनुभवाचा एक गुण, मारलं तर आठ. त्यामुळे म्हाताऱ्या, मुरलेल्या सरदाराने शत्रूला अर्धमेला करायचा आणि बढतीच्या उंबरठ्यावरच्या पोराला पुढे काढायचं.