पाठ १४ : न्यायालयातले दुभाषे

आजीला डॉक्टरांकडे नेऊन तिचं बोलणं इंग्रजीत सांगायची वेळ तुमच्यावर आली आहे का? मग हा पाठ तुम्हाला चटकन कळेल.

दुसऱ्या महायुद्धात जपान हरला. ३ मे १९४६ रोजी टोकियोत २८ जपानी नेत्यांवर आणि सेनाधिकाऱ्यांवर खटला सुरू झाला. आक्रमक युद्ध पुकारणं, कैद्यांचे आणि सामान्य लोकांचे हाल करणं असे आरोप होते. ११ देशांचे ११ न्यायाधीश होते. भारताचे राधाबिनोद पाल त्यांतलेच एक. न्यायालयात ४१९ साक्षीदार आले. कामकाज इंग्रजीत आणि जपानीत चाले.

आता हे वाक्य मोठ्यानं वाचा : 'कैद्यांना मारायचा हुकूम मी दिला नव्हता.' 'नव्हता' कुठे आलं? अगदी शेवटी! जपानीतही क्रियापद आणि नकार शेवटीच येतात. इंग्रजीत मात्र नकार आधी सांगावा लागतो. म्हणजे शेवटचा शब्द ऐकल्याशिवाय दुभाष्याला तोंड उघडता येत नसे. साक्षीदार थोडं बोले, थांबे, मग भाषांतर होई. इथे प्रश्न फाशीचा होता, एक 'नाही' निसटून चालणार नव्हतं.

दुभाषे जपानी होते, म्हणजे हरलेल्या देशाची माणसं. त्यांचं भाषांतर तपासायला जपानी वंशाचे अमेरिकन तपासनीस बसवले. दोन्ही भाषांत वावरणारे, थोडेफार तुमच्यासारखेच. काहींची तर शाळाही जपानमध्ये झाली होती. चूक झाली की ते तिथल्या तिथे दुरुस्त करत.

पण शब्दावरून वाद झाला, तर निर्णय जाहीर करायला त्यांच्याही वर अमेरिकी सैन्यातला एक अधिकारी होता. जपानी तर तपासनिसांनाच जास्त चांगलं यायचं! मग तो वर कशाला? मला वाटतं, त्यांच्यावरही पूर्ण भरवसा नव्हता. युद्धकाळात अमेरिकेनं एक लाखाहून जास्त जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं होतं. त्यातले बहुतेक अमेरिकेचेच नागरिक होते.

नोव्हेंबर १९४८ मध्ये निकाल लागला. खटला चालू असताना दोन आरोपी वारले होते, एकाला मानसिक आजारामुळे वगळलं होतं. उरलेले २५ दोषी ठरले. सात जणांना फाशी झाली. पाल यांनी मात्र सगळ्यांना निर्दोष म्हटलं. अत्याचार झाले हे त्यांनी नाकारलं नाही, पण जिंकलेल्यांनी मागाहून केलेला कायदा हरलेल्यांना लावणं त्यांना पटलं नाही.

विचार करा आणि लिहा :
१. 'मी ते पत्र वाचलं होतं' आणि 'मी ते पत्र वाचलं नव्हतं' ही वाक्यं कोणत्या शब्दापर्यंत सारखी आहेत?
२. घरातल्या मोठ्यांचं बोलणं दुसऱ्यांना सांगताना तुम्ही कधी एखादा शब्द मुद्दाम बदललात का? का?