घटक ४ : दुव्याचे स्थान आणि संकेतस्थळाची क्रमवारी

४.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• बॅकलिंक ही संकल्पना स्पष्ट करता येईल.
• दुव्याचे स्थान आणि शोधयंत्रातील क्रमवारी यांचा संबंध सांगता येईल.
• स्वतःच्या मराठी लेखनात दुवा योग्य जागी योजता येईल.

४.२ प्रस्तावना

एका संकेतस्थळाने दुसऱ्याकडे दिलेला दुवा हा त्या दुसऱ्या संकेतस्थळाच्या दृष्टीने ‘बॅकलिंक’ ठरतो. ‘हे पान पाहण्याजोगे आहे’ असे एक विधानच त्यातून केले जाते. शब्दाचा अर्थ जसा वाक्यातील स्थानावरून उमगतो, तसे दुव्याचे मोलही त्याच्या संदर्भावरून ठरते.

४.३ विषय-विवेचन

१९९८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी ‘पेजरँक’ ही पद्धती मांडली. तिच्या मूळ सूत्रात पानाचे वजन त्यावरील सर्व दुव्यांत सारखे वाटले जाई. चार दुवे असल्यास प्रत्येकाच्या वाट्याला चौथा हिस्सा येई. दुवा परिच्छेदात आहे की पानाच्या तळाशी, याचा विचार त्या सूत्रात नव्हता.

परंतु वाचक सर्व दुव्यांकडे सारख्याच लक्षाने पाहत नाही. गूगलने २००४ मध्ये दाखल केलेल्या व २०१० मध्ये मंजूर झालेल्या एका पेटंटात हाच विचार आढळतो. दुव्यावर टिचकी मारली जाण्याची शक्यता जितकी अधिक, तितके त्याचे वजन अधिक, हे त्याचे सार. ही शक्यता अजमावताना दुव्याचे पानावरील स्थान, अक्षरांचा आकार आणि दुव्याचे शब्द असे घटक विचारात घेता येतात. प्रत्यक्ष सूत्र मात्र गूगल पूर्णपणे उघड करत नाही. म्हणून हे तत्त्व समजावे, त्याचे गणित मांडत बसू नये.

पुढील दोन वाक्ये पाहा. अधोरेखित भाग हा दुवा समजावा.

(अ) वारली चित्रकलेविषयी अधिक माहितीसाठी <u>येथे</u> पाहा.
(आ) <u>वारली चित्रांतील पांढरा रंग</u> तांदळाच्या पिठापासून तयार करतात.

‘येथे’ हे स्थलवाचक क्रियाविशेषण पुढील पानाविषयी काहीच सांगत नाही. दुसऱ्या वाक्यातील नामपद-समूह मात्र त्या पानाचे वर्णन करतो आणि भोवतालचे वाक्य त्याला आधार देते. मराठीत नामाला विभक्तिप्रत्यय लागतात. त्यामुळे ‘चित्र’ एवढाच तुकडा न जोडता ‘चित्रांतील’ हे पूर्ण रूप दुव्यात घ्यावे.

४.४ मर्यादा

दुव्याला मोल आले, तसा त्याचा बाजारही सुरू झाला. २००५ मध्ये ‘नोफॉलो’ ही खूण आली. तिच्यामुळे ‘या दुव्याला माझी शिफारस समजू नये’ असे शोधयंत्राला सांगता येते. २०१२ मध्ये गूगलने ‘पेंग्विन’ या बदलाद्वारे कृत्रिम दुव्यांवर कारवाई केली. विकत घेतलेले स्थान ही उसनी शिफारस होय.

४.५ सारांश

दुव्यांची संख्या पुरेशी नसते. विषयाशी सुसंगत पानावर, मुख्य मजकुरात आणि अर्थवाही शब्दांत आलेला दुवा अधिक बोलका असतो. ज्या मराठी पानाकडे कोणी बोट दाखवत नाही, ते उत्तम असूनही वाचकाला सापडणे कठीण जाते. तुम्ही जाणीवपूर्वक दिलेला एक दुवा असे पान प्रकाशात आणू शकतो.

४.६ स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. मूळ ‘पेजरँक’ सूत्र आणि नंतरचा विचार यांतील फरक स्पष्ट करा.
२. तुमच्या गावातील एखाद्या कलेवर पाच वाक्ये लिहा. त्यांत एक दुवा कोठे द्याल, ते सकारण सांगा.