प्याद्याची राणी कशी झाली?

‘अ‍ॅलिस थ्रू द लुकिंग ग्लास’ (२०१६) हा २०१० च्या चित्रपटाचा पुढचा भाग. लुईस कॅरल यांच्या १८७१ सालच्या कादंबरीचे नाव त्याने घेतले, कथा मात्र निराळी. चित्रपटात अ‍ॅलिस मित्राच्या कुटुंबासाठी यंत्रातून भूतकाळात जाते. पुस्तकात सारा प्रदेशच बुद्धिबळाचा पट आहे. अ‍ॅलिस पांढरे प्यादे होते, तिसरे घर आगगाडीने ओलांडते आणि आठव्या घरात राणी बनते. ही राणी म्हणजे आपला वजीर. चित्रपट अवश्य पाहावा. पण त्यामुळे पुस्तक वाचून झाले, असे आम्ही मानत नाही.

स्वाध्याय : पट मांडा. तिसऱ्या घरी आगगाडी का थांबली नाही, ते प्याद्याच्या पहिल्या चालीवरून सांगा.