तोंडाचा कर्करोग व त्याची चिकित्सा

बजाजनगरांतील ज्या घरांत तंबाखूची पुडी, सुपारी किंवा मिसरी येत नाहीं, तें घर भाग्यवान म्हणावें. महाराष्ट्र सरकारनें २०१२ सालीं गुटख्यावर बंदी घातली; परंतु तंबाखू व सुपारी निरनिराळ्या मिळतातच. तंबाखूवांचून नुसती सुपारीहि निर्दोष नाहीं. तिनें गालाची आंतील त्वचा हळूहळू ताठर होते, तिखट घास सोसत नाहीं, आणि पुढें उभीं तीन बोटें दांतांमध्यें शिरेनाशीं होतात.

या रोगाचें कपट असें कीं, आरंभीं तो बहुधा दुखत नाहीं. दुखरा दांत मनुष्यास वैद्याकडे नेतो; न दुखणारा व्रण त्यास घरींच बसवितो. दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, पांढरा अथवा लाल चट्टा दिसल्यास तत्काळ दाखवावा.

आपल्या शहरांत आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ सालापासून चालू आहे. तत्पूर्वीं मराठवाड्यांतील पुष्कळ रोग्यांस मुंबईस, १९४१ सालीं उघडलेल्या टाटा रुग्णालयाची वाट धरावी लागे. प्रथम व्रणाचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात. तुकडा काढल्यानें रोग पसरतो, हा आपल्याकडील समज खोटा आहे. त्यापायीं महिनेच्या महिने वायां जातात!

शस्त्रक्रिया हा मुख्य उपाय. रोग लहान असतांनाच मानेंतील रसग्रंथि काढाव्यात, कीं वाट पाहावी, याविषयीं मतभेद असे. टाटा रुग्णालयांतील डॉ. अनिल डिक्रूझ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ५०० रोग्यांची तुलना करून २०१५ सालीं उत्तर दिलें. ग्रंथि लगेच काढलेल्यांपैकीं तीन वर्षांनीं शेंकडा ८० हयात होते. वाट पाहिलेल्यांपैकीं शेंकडा ६७.५. शंभरांमागें बारा माणसें म्हणजे बारा घरें होत.

रोग वाढलेला असल्यास मागाहून किरणोपचार, व कधीं औषधेंहि देतात. किरण आठवड्यांतून पांच दिवस, सुमारें सहा आठवडे घ्यावे लागतात. रोजंदारीच्या मनुष्यास हे आठवडे शस्त्रक्रियेहूनहि जड जातात. पण मध्येंच सोडल्यास उरलेला रोग पुन्हां वाढूं लागतो. म्हणून पालकहो, शिधापत्रिका व ओळखपत्र घेऊन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्रास पहिल्याच दिवशीं भेटावें.

उपचारानंतर जबडा आवळूं नये म्हणून आइस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्या एकावर एक रचून दांतांमध्यें धरावयास सांगतात. कांहीं दिवसांनीं एक काडी वाढवावयाची. काड्या मोजून देण्याचें काम घरांतील मुलांनीं करावें.