खांद्याचे दुखणे आणि सम्यक व्यायाम

आर्य अष्टांगिक मार्गाचे सहावे अंग म्हणजे सम्यक व्यायाम. वसतिगृहात आपण सर्वांनी ही आठ अंगे पाठ केली. त्या वयात व्यायाम म्हटले की आमच्या डोळ्यांसमोर जोर-बैठकाच येत. धम्मातील व्यायाम म्हणजे चित्ताचा प्रयत्न होय, हे पुढे कळले. तथापि तो बाळबोध समज अगदीच वाया गेला नाही, याचा प्रत्यय उजवा खांदा दुखावल्यावर आला.

आपले अनेक माजी विद्यार्थी आज नियमाने जिममध्ये जातात. कोणी आरोग्यासाठी, कोणी पोलीस भरतीसाठी. शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत ५० पैकी १५ गुण गोळाफेकीचे असतात आणि पुरुषांचा गोळा ७.२६० किलोग्रॅमचा असतो. खांदा दुखावलेल्या उमेदवारामागे वयोमर्यादा धावत असते आणि घरच्यांची आशा त्याच्यावर असते. ‘काही महिने सर्व बंद ठेव’ हा सल्ला त्याला मानवत नाही. तो दुखणे लपवून सराव करीत राहतो.

आम्हीही तेच केले. बेंच प्रेस करताना उठणारी बारीक कळ मलम चोळून सात महिने अंगावर काढली. पुढे सदऱ्याच्या बाहीत हात घालणेही जड जाऊ लागले, तेव्हा घाबरून व्यायाम पूर्ण सोडला. दोन महिन्यांनी परतलो, तो कळ होती तेथेच होती आणि खांदा मात्र अधिक दुबळा झाला होता.

असे का होते? दंडाच्या हाडाचे गोल डोके खांद्याच्या फऱ्याच्या उथळ खोबणीत बसते, जणू बशीत ठेवलेला चेंडू. त्यामुळे हात सर्व दिशांना फिरतो, पण सांध्याला स्थैर्य कमी मिळते. ते स्थैर्य देण्याचे काम मुख्यतः रोटेटर कफ नावाचे चार लहान स्नायू करतात. हे स्नायू ज्या कंडरांनी हाडाला जोडलेले असतात, त्यांना रक्तपुरवठा बेताचा असतो. म्हणून त्या सावकाश भरून येतात. भार अतिरेकी झाला तर त्या चिडतात आणि भार पूर्ण काढून घेतला तर भार पेलण्याची त्यांची शक्तीच घटते.

येथे सोण कोळिविस या भिक्खूची कथा आठवते. राजगृहात चंक्रमण करताना त्याचे पाय रक्तबंबाळ झाले आणि निराश होऊन तो घरी परतण्याचा विचार करू लागला. गृहस्थाश्रमात तो वीणा वाजवीत असे. म्हणून भगवंतांनी त्याला तारांचा दृष्टान्त दिला. फार ताणलेली तार वाजत नाही, फार सैल तारही वाजत नाही. भगवंतांनी त्याला प्रयत्न सोडण्यास सांगितले नाही. प्रयत्नात समता राखण्यास सांगितले.

सम्यक व्यायामाची चार कार्ये आपण शिकलो आहोत. तीच आम्ही खांद्याला लावून पाहिली.

१. नवे अकुशल उत्पन्न होऊ न देणे. मानेमागून बार दाबणे, खोल डिप्स आणि फार रुंद पकडीचा बेंच प्रेस आम्ही काही काळ वर्ज्य केला. अंग तापविल्याशिवाय वजनाला हात लावला नाही.

२. उत्पन्न झालेले अकुशल कमी करणे. वेदनेला शून्य ते दहा असे गुण दिले. व्यायाम करताना तीनपर्यंतची वेदना चालेल. परंतु दुसऱ्या सकाळपर्यंत ती पूर्ववत झाली पाहिजे. तशी न झाल्यास पुढच्या वेळी भार कमी करायचा. हा नियम फिजिओथेरपिस्टने घालून दिला आणि तोच सर्वाधिक उपयोगी पडला.

३. नवे कुशल निर्माण करणे. कोपर काटकोनात वाकवून बरगडीशी ठेवावे, मध्ये टॉवेलची घडी धरावी आणि रबरी पट्टा हळूहळू बाहेरच्या बाजूस ताणावा. दहा ते पंधरा आवर्तनांचे तीन संच, एक दिवसाआड. जोडीला फऱ्याभोवतीच्या स्नायूंसाठी हलके रोइंग.

४. असलेले कुशल टिकविणे. पाय, पोट आणि दमश्वास यांचा व्यायाम चालूच ठेवला. डाव्या हाताचा व्यायामही सोडला नाही. कारण मज्जासंस्थेमार्फत एका हाताच्या सरावाचा काही लाभ दुसऱ्या हातालाही मिळतो.

बारा आठवड्यांनी आम्ही रिकाम्या बारने पुन्हा बेंच प्रेस सुरू केला. शेजारी कोवळी मुले दुप्पट वजन उचलीत असताना रिकामा बार हाती धरणे हीच खरी कसोटी होती. तेथे खांद्यापेक्षा अहंकार अधिक दुखला.

मात्र प्रत्येक दुखणे असे घरगुती शिस्तीने आवरत नाही. पडल्यानंतर हात वर उचलता न येणे, सांधा निखळल्यासारखा वाटणे, हाताला मुंग्या किंवा बधिरता येणे, ताप व सूज असणे, रात्री झोप न लागणे, यांपैकी काहीही असल्यास प्रथम डॉक्टरांकडे जावे. मधुमेह असलेल्यांचा खांदा आखडण्याचा संभव अधिक असतो. त्यांनी विलंब करू नये. छातीत दडपण व घाम यांसह खांदा दुखत असेल, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

पालकांना एक विनंती आहे. भरतीची तयारी करणारा मुलगा किंवा मुलगी एका हातानेच केस विंचरत असेल, कुशीवर झोपणे टाळत असेल, तर आपुलकीने विचारपूस करावी. ‘सहन कर’ असे म्हणू नये आणि ‘सोडून दे’ असेही म्हणू नये. तार किती ताणावी, हे त्यांच्यासोबत बसून ठरवावे.