कुत्र्याचा अंगठा

मंडळी, आज एक सोपे गणित करू. त्याला पाटी नको, पेन्सिल नको. घरचे कुत्रे जवळ बोलवा. त्याच्या पाठीवरून हात फिरवा. ते शांत बसले, की त्याची नखे मोजा.

पुढच्या उजव्या पायाला ५. पुढच्या डाव्या पायाला ५. मागच्या दोन्ही पायांना ४ आणि ४. सगळी मिळून किती झाली? १८.

आता पुढचा पाय नीट पाहा. चार नखे जमिनीला टेकतात. पाचवे मात्र आतल्या बाजूला, थोडे वर असते. कुत्रे उभे असताना ते जमिनीला लागत नाही. हाच कुत्र्याचा अंगठा. आपल्या हाताला अंगठा असतो, तसाच तोही.

काही कुत्र्यांना मागच्या पायांनाही असा एकेक अंगठा असतो. मग नखे होतात २०. अशा कुत्र्याला लोक वीसनखी म्हणतात. कोणी म्हणतो, वीसनखी कुत्रे फार शूर असते. पण शूरपणा नखांत नसतो. एखाद्या माणसाला जन्मापासून सहा बोटे असतात, तसेच हे आहे. ते आईबापांकडून येते.

पूर्वी आपल्या भागात कुत्री घेऊन रानात शिकारीला जाण्याची चाल होती. शिकारी कुत्र्याचे पिल्लू जन्मले, की काही जण चार-पाच दिवसांत त्याचा अंगठा कापून टाकत. ते म्हणत, "हे नख काही कामाचं नाही. पळताना काट्यात अडकेल, फाटेल. त्यापेक्षा लहानपणीच कापलेलं बरं." दूरच्या देशांतही शिकारी कुत्र्यांच्या बाबतीत हाच विचार चालत आला आहे.

हे खरे आहे का? मला एका चुकीतून याचे उत्तर मिळाले. ती चूक माझीच होती. ती सांगतो.

खूप वर्षे झाली. मी तेव्हा चिंचपाड्याजवळच्या एका पाड्यावर शाळेत शिकवीत होतो. शाळेशेजारी एक म्हातारे बाबा राहत. त्यांची कुत्री व्याली. पाच पिल्ले झाली. तेवढ्यात बाबांकडे रेल्वेने एक पाहुणा आला. त्याने पिल्ले पाहिली आणि म्हणाला, "ह्यांचे अंगठे काढा. नाहीतर कुत्री वाया जातील."

बाबा माझ्याकडे आले. म्हणाले, "गुरुजी, तुम्ही शिकलेले. तुम्ही पुस्तकं वाचता. सांगा, कापू का नको?"

मला त्यातले काहीच ठाऊक नव्हते. पण "मला माहीत नाही" असे म्हणायची लाज वाटली. गुरुजीला ठाऊक नाही, असे कसे म्हणायचे? मी म्हटले, "कापा. एवढंसं पिल्लू, त्याला काय कळतंय? डोळेसुद्धा उघडले नाहीत."

बाबांनी ब्लेड घेतले. पिल्लू मी धरले. पहिले पिल्लू ओरडले, ते ओरडणे अजून माझ्या कानात आहे. त्याची आई बाहेर दोरी ओढत होती. तिसऱ्या पिल्लाला बाबांचाच हात थरथरला. ते म्हणाले, "पुरे, गुरुजी." मग जखमांवर राख आणि हळद दाबली.

पिल्ले आईकडे सोडली. आईने जखमा चाटल्या. राख निघाली, हळद निघाली, रक्त पुन्हा वाहू लागले. रात्रीतून एक पिल्लू गेले. दुसऱ्याचा पाय पिकला, सुजला, त्यात किडे पडले. ते जगले, पण लंगडे झाले. तिसरे बरे झाले. न कापलेली दोन सुखरूप वाढली.

मग मी गुरांच्या दवाखान्यात गेलो आणि डॉक्टरांना विचारले. जे आधी विचारायला हवे होते, ते नंतर विचारले. त्यांनी सांगितले आणि पुढे मी वाचले, ते असे आहे.

पहिली गोष्ट. पिल्लाला दुखते. डोळे उघडायला साधारण दोन आठवडे लागतात, पण वेदना पहिल्या दिवसापासून कळते. पाव किलो वजनाच्या पिल्लाच्या अंगात सगळे रक्त किती असते? चहाचे चार-पाच चमचे. त्यातला एक चमचा सांडला, तर उरले काय?

दुसरी गोष्ट. पुढचा अंगठा म्हणजे नुसते नख नव्हे. त्याच्या आत हाड आहे, सांधा आहे. वरच्या स्नायूंचे दोर तिथपर्यंत आलेले आहेत. कुत्रे चालताना तो वर असतो. पण जोरात पळताना अंगाचा सगळा भार पुढच्या पायावर येतो. पाय मनगटापासून खाली वाकतो आणि अंगठा जमिनीला टेकतो. कुत्रे एकदम वळले, की हा अंगठा माती पकडतो. पाय पिळू देत नाही. मनगटाला आधार देतो. हाड चघळताना कुत्रे ते पुढच्या पायांत धरते, तेव्हाही अंगठा उपयोगी पडतो. रानातल्या लांडग्यालाही पुढच्या पायाला हा अंगठा असतो.

म्हणजे पाहा. ज्या कुत्र्याला जास्त पळायचे आहे, त्यालाच अंगठ्याची जास्त गरज. आणि आपण नेमका त्याचाच अंगठा कापत होतो!

नॉर्वे नावाचा एक थंड देश आहे. तिथे समुद्राकाठच्या उंच कड्यांत पक्षी घरटी करतात. ते पक्षी धरण्यासाठी तिथल्या लोकांनी एक खास कुत्रे पाळले. त्याच्या प्रत्येक पायाला सहा-सहा बोटे असतात. निसरड्या दगडावर चढताना ती जास्तीची बोटे त्याला आधार देतात. ती कोणी कापली नाहीत, उलट जपली.

तिसरी गोष्ट मागच्या अंगठ्याची. मागच्या पायाचा अंगठा पुष्कळदा सैल असतो. त्यात पक्के हाड नसते. तो नुसत्या कातडीने लोंबतो. असा अंगठा कधी कधी खरोखरच अडकतो आणि फाटतो. तो काढायचा की ठेवायचा, हे गुरांच्या डॉक्टरांनी पाहून ठरवावे. काढायचाच झाला, तर त्यांनीच काढावा. मोठ्या कुत्र्याचा काढायचा, तर भूल द्यावी लागते. ब्लेड, विळा, कात्री यांचे ते काम नव्हे.

मग नख अडकू नये म्हणून काय करावे? उपाय सोपा आहे. अंगठा ठेवा, नख कापा. बाकीची नखे जमिनीवर घासून झिजतात. अंगठ्याचे नख कमी झिजते. तसेच सोडले, तर ते चंद्रकोरीसारखे वळते आणि वळून कधी मांसात घुसते. म्हणून महिन्यातून एकदा पाहावे. वाढले असेल, तर फक्त टोक कापावे किंवा कानशीने घासावे. नखाच्या आत रक्ताची शीर असते. पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते. काळ्या नखात दिसत नाही, म्हणून थोडे थोडेच कापावे. चुकून रक्त आले, तर स्वच्छ फडके पाच मिनिटे दाबून धरावे. पिल्लू असल्यापासून पंजाला हात लावायची सवय करावी, म्हणजे कुत्रे पुढे नीट कापू देते. पिल्लू तीन महिन्यांचे झाले, की पिसाळण्याविरुद्धची लस टोचून घ्यावी.

आता कायदा काय म्हणतो? १९६० च्या कायद्याने प्राण्याला क्रूरपणे वागवणे हा गुन्हा आहे. त्याचा अवयव तोडणे हाही त्यात येतो. बैलाला वेसण घालणे, खच्ची करणे अशा काही कामांना ठरलेल्या रीतीने मुभा आहे. तिथे कुत्र्याच्या अंगठ्याचे नाव नाही. आणि १९७२ च्या कायद्याने रानातल्या जनावरांची शिकार बंद झाली. ससा असो की हरीण, त्याच्यामागे कुत्रे सोडून त्याला धरणे ही शिकारच.

मग शिकारी कुत्र्याने करावे काय? काम पुष्कळ आहे. शेळ्या राखाव्या, खळे राखावे, रात्री घर राखावे. मराठवाड्यात लोक कारवान जातीची कुत्री पाळतात. कर्नाटकात मुधोळची कुत्री प्रसिद्ध आहेत. ही सडपातळ, लांब पायांची, वाऱ्यासारखी पळणारी कुत्री. ससे धरण्यासाठीच ती नावाजली होती. २००५ साली आपल्या टपाल खात्याने मुधोळच्या कुत्र्याचे चित्र तिकिटावर छापले. शिकार गेली, पण पळणाऱ्या कुत्र्याची किंमत गेली नाही.

बाबांचे ते लंगडे पिल्लू पुढे नऊ वर्षे जगले. रोज शाळेच्या पायरीवर येऊन बसे. बाबांनी मला कधी दोष दिला नाही. एकदाच म्हणाले, "गुरुजी, तुम्ही 'माहीत नाही' म्हणाला असता, तर मी थांबलो असतो." त्या दिवसापासून मला "माहीत नाही, विचारून सांगतो" असे म्हणायची लाज वाटत नाही.

मंडळी, आपण कालपर्यंत कागदावर अंगठा उठवत होतो. आता सही करतो. म्हणून कोणी आपला अंगठा कापून टाकला का? भाकरी थापायला, विळा धरायला तो लागतोच. कुत्र्याचेही तसेच आहे.

उत्तरे सांगा
१. कुत्र्याला बहुधा किती नखे असतात? वीसनखी कुणाला म्हणतात?
२. जोरात पळताना पुढचा अंगठा काय काम करतो?
३. मागचा अंगठा सैल असेल, तर कुणाला विचारावे?
४. गुरुजींची चूक कोणती?

करून पाहा
घरच्या कुत्र्याची नखे मोजून वहीत आकडा लिहा. अंगठ्याचे नख वळले आहे का, ते पाहा. शेजाऱ्याच्या कुत्रीला पिल्ले झाली असतील, तर त्याला हा धडा वाचून दाखवा.